केदार म्हणजे राहणं

आमच्या गावात केदार नावाचा एकही माणूस नव्हता. ते महादेवाचं एक नाव आहे एवढं बाबांना माहीत होतं, आणि बाबांना माहीत म्हणजे मला माहीत. त्यामुळे तलावापलीकडच्या दवाखान्यातली गोरी बाई रिकाम्या डब्यात डोकावून "केदा, केदा" असं पुटपुटायची, तेव्हा मला वाटायचं, ही किरिस्तावांची बाई असून आपल्या महादेवाला हाक मारते. मी घरी येऊन तसं सांगितलं, तर बाबा जाळ्याच्या गाठी मारता मारता हसले. "मारू दे ना वं हाक. त्याचं का जाते? महादेव का माणसाची जात पाहून येते?" मायला मात्र ते पटलं नाही. ती म्हणाली, "ते बाई आपल्या देवाले कायले बोलावते? तिचा देव मेला का?" मेलाच आहे की, दवाखान्याच्या भिंतीवर खिळे मारून टांगलाय, मी पाहून आले होते. पण तेव्हा मी बोलले नाही. मायच्या हातात उलथनं होतं.

आम्ही ढीवर. नागभीडपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर आमचं गाव, आणि गावाला चिकटून तलाव. बाबा मासोळ्या धरायचे, शिंगाडे लावायचे. माय मुरमुरे भाजायची. आमच्या अंगणात सकाळी उजाडायच्या आत भट्टी पेटायची, आणि माझं सगळं बालपण त्या भट्टीच्या आवाजानं जागं झालेलं आहे. आधी वाळू तापायची, तिचा काही आवाज नसतो, फक्त वास असतो. मग मिठाच्या पाण्यात भिजवून वाळवलेला तांदूळ मूठभर पडला की एकदम सरसर, तडतड, आणि बघता बघता कढई पांढरी होऊन वर यायची. माय ते सगळं वाळूसकट चाळणीत ओढायची, दोन हिसके द्यायची, वाळू खाली, मुरमुरे वर. घामानं तिचं कपाळ चकाकायचं. कोणी मध्ये बोललेलं तिला चालत नसे. भट्टीपुढची माय आणि इतर वेळची माय ह्या दोन वेगळ्या बाया होत्या. संध्याकाळी तीच माय भात, लाखोळीची डाळ आणि वाळल्या मासोळीची चटणी पुढ्यात ठेवून म्हणायची, "खा वं पोरी, दिवसभर मी तुह्यावर वसावसा केली." आज माझ्या घरात गॅसवर सगळं होतं, मुरमुरे पिशवीत येतात, आणि ते तोंडात घातले की कागद चघळल्यासारखे लागतात. म्हातारपणी जिभेची चव जाते म्हणतात. मी म्हणते, मुरमुऱ्यांची गेली.

माझ्याहून मोठी बहीण शेवंता. मी तिला अक्का म्हणायची. तिचं लग्न आदल्या वर्षी मूल तालुक्यातल्या एका गावात झालं होतं, आणि ती गेल्यापासून घरात मला शत्रू उरला नव्हता, म्हणजे मैत्रीण उरली नव्हती. अक्का कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून हातानं मासोळी धरायची. पोरांना जमत नव्हतं, तिला जमायचं. हसायला लागली की तिला थांबता यायचं नाही, लग्नात अंतरपाटाआडसुद्धा ती हसत होती, आणि मायनं मागून तिला असा चिमटा काढला होता की पुढच्या मंगलाष्टकाला ती रडली. लोक म्हणाले, पोरीले माहेराचं किती वाईट वाटते.

दवाखाना म्हणजे कौलारू घर, दोन खोल्या आणि पुढं पडवी. तिथं एक स्पेन देशाची जोगीण होती. नाव पिलार. पण गावाच्या तोंडात ते कसं बसणार? गावानं तिची पिल्लूबाई केली. पांढरा पायघोळ झगा, डोक्याला पांढरं फडकं, आणि चेहरा उन्हानं शिजलेल्या खेकड्यासारखा लाल. ती सुई टोचायची, गळवं फोडायची, बाळंतपणंही करायची म्हणे, पण आमच्या गावातल्या कोणी तिला त्यासाठी बोलावलं नव्हतं. त्यासाठी सोनादाई होती. दवाखान्यात नागपूरचा एक कंपाउंडर होता, तो पिलारबाईशी इंग्रजी-हिंदीत बोलायचा आणि गावकऱ्यांशी मराठीत. पिलारबाई स्वतः मराठी शिकत होती, एका जाड्या पुस्तकातून. ते पुस्तक पुण्याकडचं असावं. कारण पहिल्यांदा बाबांची गाठ पडली तेव्हा ती हात जोडून म्हणाली, "आपण कसे आहात?" बाबांनी मागं वळून पाहिलं. आपल्यामागं आणखी कोण मोठी माणसं उभी आहेत, असं त्यांना वाटलं.

तिला मुरमुरे आवडायचे, तेही दुधासाखरेत. माय मला पायलीभर मुरमुरे घेऊन पाठवायची आणि वर म्हणायची, "एवढी मोठी बाई, लेकरावानी दूध-मुरमुरे खाते." मी गेले की पिलारबाई मला पडवीत बसवायची, आणि आमची देवघेव सुरू व्हायची. ती एक वस्तू दाखवायची, मी मराठी सांगायची, मग ती तिच्या भाषेतलं सांगायची. वस्तू लवकर संपल्या. पडवीत असतं काय, बाकडं, बादली, कंदील. मग मी तिच्या त्या "केदा"चा पिच्छा पुरवला.

पहिला अर्थ मी चुकीचा लावला. साखरेच्या डब्यात डोकावून ती "या नो केदा" म्हणायची, म्हणून मी धरून चालले की केदा म्हणजे साखर. एकदा मी ऐटीत केदा मागितली, तर ती पोट धरून हसली. मग कळलं, नो केदा म्हणजे उरली नाही. मग एक दिवस जोराचं ऊन होतं, मी निघाले तर तिनं विचारलं, "ते केदास?" मी म्हटलं, आता मी उरते का असं कसं विचारते ही? ती हातानं बाकडं दाखवून पुन्हा पुन्हा म्हणाली, आणि मला उमगलं. राहतेस का? थांबतेस का? म्हणजे उरणंही तेच आणि थांबणंही तेच! मग तिनं एकदा माझ्या वेणीला लाल फीत बांधली आणि आरसा धरून म्हणाली, "ते केदा बिएन." हे तुला छान राहतं. म्हणजे शोभतं. आणि निघताना "केदामोस" म्हणायची, म्हणजे उद्या भेटायचं ठरलं, बात पक्की राहिली. ह्या सगळ्यांचं मूळ काय, असं मी विचारलं, तर तिनं बोट वर करून शाळामास्तरासारखं सांगितलं, "केदार."

मी घरी पळत आले. "बाबा, केदार म्हणजे राहणं!" बाबा म्हणाले, "मंग बराबर आहे. महादेव राह्यतेच सगळीकडं."

माझ्या भाचीचा मुलगा परवा मला मोबाइलवर दाखवत होता, आजी, कुठल्याही भाषेतला कुठलाही शब्द टाक, सगळे अर्थ एका झटक्यात येतात. त्यानं केदार टाकलं, आणि खरंच आले, एकाखाली एक, रांगेनं. मी चष्मा काढून ठेवला. मला ते अर्थ मिळवायला अख्खा हिवाळा आणि उन्हाळा लागला होता, आणि प्रत्येक अर्थाला एक जागा होती, वेळ होती, तोंड होतं. त्याला मी म्हटलं, छान आहे. पोराचा उत्साह कशाला घालवा?

उन्हाळ्यात अक्का माहेरी आली. तिला दिवस गेले होते, पोट दिसायला लागलं होतं. पिलारबाईनं तिला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, पाहिलं आणि मला विचारलं. मी म्हटलं, "अक्काले दिवस राह्यले." आमच्याकडं गेले म्हणतात, राहिले म्हणतात, दोन्ही चालतं. पिलारबाईचे डोळे मोठे झाले. तिनं पुस्तक मिटलं आणि माझे दोन्ही खांदे धरले. त्यांच्याकडंही पोटुशी होण्याला तोच शब्द होता. केदार! ती बाई केदादो-केदादा असं काहीतरी म्हणत नाचायला लागली, आणि तिच्याबरोबर मीही. दूर देशाची, वेगळ्या देवाची बाई, आणि बाईच्या पोटात लेकरू वाढायला लागलं की तीही म्हणते राहिलं, आणि माझी मायही म्हणते राहिलं. मला वाटलं, आता मला तिची भाषा आली. एका शब्दावरून चालत गेलं की पलीकडं पोचता येतं, असं मला वाटलं. मी बारा-तेरा वर्षांची होते. त्या वयात असं वाटलं नाही तर कधी वाटणार?

तिनंही तसंच केलं. राहणं म्हणजे केदार, ही गाठ तिनं पक्की मारली आणि तिच्यावर आमची सगळी बोली टांगली. आता झाडीपट्टीच्या बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. आमच्याकडं "मी जेवत आहे" असं कोणी म्हणत नाही. "मी जेवून राह्यलो" म्हणतात. म्हणजे हातात घास आहे, जेवण चाललंय. "पाणी पडून राह्यलं" म्हणजे पाऊस आत्ता, ह्या घडीला पडतोय. पण पिलारबाईच्या पुस्तकात हे नव्हतं. दवाखान्यात लोक यायचे आणि सांगायचे, "पोट दुखून राह्यलं." तिला वाटायचं, दुखणं आलं आणि मुक्कामाला राहिलं. "ताप येऊन राह्यला." ताप आला आणि घरचा होऊन बसला. कंपाउंडर म्हणायचा दुखतंय, ती म्हणायची राहिलंय, आणि औषध एकच. रोगाच्या बाबतीत दोन्ही अर्थांनी काही बिघडत नाही. त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही. माझ्या का यावं? पाण्यातल्या मासोळीला पाणी दिसतं का?

भादव्यात तलाव काठोकाठ भरला होता. अक्काला पहाटेच कळा सुरू झाल्या, आणि दिवस वर येईपर्यंत मुलगी झाली. सोनादाईनं नाळ कापली, लेकरू रडलं, माय देवळीतल्या देवाला हात जोडून बाहेर आली आणि मला म्हणाली, "मावशी झाली वं तू." मी आत डोकावले तर अक्का घामानं भिजलेली, पण हसत होती. "कोणासारखी आहे वं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "उंदरासारखी." तिला हसू आवरेना, दाई तिला ओरडली, "हसू नको, पोट हलते." बाबा लेकराचं तोंड पाहून डोंगा घेऊन तलावात गेले, लेकीला चांगली मासोळी आणतो म्हणून.

त्यानंतर थोड्याच वेळानं दाईचा आवाज बदलला. मी भट्टीपाशी पाणी तापवत होते. माय आतून एकदा बाहेर आली, फडकी घेऊन गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा ती फडकी न घेताच नुसती दारात उभी राहिली, आणि तिच्या हातांना कोपरापर्यंत रक्त होतं. आतून सोनादाई ओरडली, "माह्या हातचं नाई आता हे. त्या बाईले आना. ते सुई टोचते न रगत थांबते म्हनतात." दाईनंच सांगितलं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढं गावात वेगळंच बोलणं झालं. माय, जिनं पिलारबाईला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं, ती मला म्हणाली, "धाव वं."

मी पाळीवरून धावले. चिखल होता. दोनदा पडले. मधल्या पाण्यात कुठं बाबांचा डोंगा दिसतो का पाहिलं, दिसला नाही. कंपाउंडर औषधांचं पार्सल आणायला नागभीडला गेलेला. पिलारबाई एकटी पडवीत बाटल्या धूत होती. मी तिच्या झग्याला धरलं आणि ओरडले, "अक्का मरून राह्यली! बाई, चाल, माही अक्का मरून राह्यली!"

तिच्या हातातली बाटली खाली ठेवली गेली. अगदी हळू. तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि विचारलं, "केदो? से केदो?" राहिली? मी म्हटलं, "हाव, हाव, राह्यली, केदो, चाल ना!" मी आमच्या भाषेत बरोबर बोलले होते. आमच्या पट्टीतल्या कोणत्याही माणसानं ते ऐकलं असतं तर हातातलं टाकून धावला असता. मरून राह्यली म्हणजे मरत आहे, अजून जीव आहे, आत्ता आहे, लवकर ये. आणि तिनं ऐकलं ते असं, की मेली आणि तशीच राहिली. संपलं.

ज्या थोड्या लोकांना मी हे सांगितलं, त्यांनी मला खोदून खोदून विचारलं, कोणाचं चुकलं? मी शाळेत शिकवलं, पोरांच्या चुका लाल शाईनं दाखवल्या, चूक म्हणजे काय हे मला कळतं. तिथं चूक नव्हती. ती बाई वाईट नव्हती, मी वेंधळी नव्हते. कोणाच्या तरी माथी मारता आलं असतं तर बरं झालं असतं. निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

तिनं मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. मग आत गेली. मला वाटलं पेटी आणायला. ती बाहेर आली तेव्हा तिनं मळका एप्रन काढलेला होता, खांद्यावर काळी शाल होती, हातात मण्यांची माळ आणि दोन मेणबत्त्या. तिनं दवाखान्याला कुलूप लावलं. मग माझ्या खांद्यावर हात टाकून ती चालायला लागली. मयताच्या घरी जाताना माणसं जशी चालतात तशी, सावकाश, खाली बघत. मी तिला ओढत होते. ती मला आणखी जवळ घेत होती. तिच्या भाषेत काहीतरी हळू आवाजात म्हणत होती. आणि खरं सांगू का, मला धीर आला. मला वाटलं, हिला घाई नाही, म्हणजे भिण्यासारखं काही नाही. एवढी शिकलेली बाई, तिला कळतंच की. सुई खिशात असेल. मी ओढायची थांबले. तिच्या पावलांनी चालायला लागले. ही गोष्ट आठवली की मला आजही जेवण जात नाही.

दारात माय उभी होती. तिनं आधी पिलारबाईच्या हातांकडं पाहिलं. माळेकडं पाहिलं. मायला काही कळेना. पिलारबाई मान खाली घालून आत आली, आणि अंधाराला डोळे सरावायच्या आत खाटेवरून अक्काचा आवाज आला. अगदी बारीक. "लेकरू रडून राह्यलं ना वं. घ्या ना कोनी."

मेणबत्त्या जमिनीवर पडल्या. पिलारबाईनं अक्काच्या मनगटाला हात लावला आणि किंचाळली, "विवा! विवा!" जिवंत, जिवंत. ती मागं फिरली आणि धावली. झगा गुडघ्यापर्यंत वर धरून, चपला आमच्या दारात टाकून, पाळीवरून धावली. गावातल्या लोकांनी तिला धावताना पाहिलं, तेच त्यांना लक्षात राहिलं. मी लेकराला उचललं. अक्कानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तिला काहीतरी म्हणायचं होतं, ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. दाई तिचं पोट दाबत होती, माय तिचे तळपाय चोळत होती, आणि चोळता चोळता म्हणत होती, "येऊन राह्यली वं, सुई घेऊन येऊन राह्यली ते बाई. थांब. थांब माह्या बाई."

पेटी घेऊन पिलारबाई आली तेव्हा तिच्या कपाळातून रक्त येत होतं, कुठंतरी पडली असणार. तोवर मायनं अक्काचे डोळे मिटले होते. तरी तिनं पेटी उघडली, सुई भरली, आणि अक्काच्या दंडाला टोचायला गेली. मायनं तो हात धरला आणि खाली केला. म्हणाली, "राहू दे आता." एवढंच.

वेळेवर सुई मिळाली असती तर अक्का वाचली असती का? कंपाउंडर म्हणाला, सांगता येत नाही. पुढं मी एका मोठ्या डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्याही तेच म्हणाल्या. मला वाटतं वाचली असती. डॉक्टरांनी काही म्हणू द्या, माझी बहीण होती, मला वाटतं ती वाचली असती.

गावानं आपलं ठरवलं. पिल्लूबाई माळ घेऊन आली, मरणाची तयारी करून आली, तिनं मरणाला बोलावलं आणि मरण आलं. दवाखान्याची पडवी ओस पडली. त्या दिवशी आणलेल्या मासोळ्या बाबांनी जिवंत होत्या तेवढ्या परत पाण्यात सोडल्या होत्या. अक्काच्या सासरचे आले, लेकराकडं पाहून गेले. पोरगी होती, तिचं कोणाला पडलं होतं? शेजारची एक बाळंतीण तिला दोन वेळा पाजायची, पण तिचं दूध तिच्या स्वतःच्या लेकरालाच पुरेना. शेळीचं दूध पोरीला पचेना. ती सुकत चालली. आधी जोरात रडायची, मग नुसतं कुरकुरायला लागली.

मी मात्र दवाखान्यात गेले. मला विचारायचं होतं, काऊन? तू हळू काऊन चालली? पडवीच्या पायरीवर पिलारबाई बसली होती आणि कंपाउंडर तिच्याशी हिंदीत बोलत होता. तोही तेच विचारत होता. ती म्हणाली, लडकी ने बोला, मर के रह गई. आणि मग मराठीत, माझ्या आवाजात, माझ्या सुरात तिनं म्हणून दाखवलं, "मरून राह्यली." कंपाउंडरनं कपाळावर हात मारला. "अरे सिस्टर," तो म्हणाला, "इधर उसका मतलब मर रही है." पिलारबाई त्याच्याकडं बघत राहिली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिथून पळाले. तिच्यापासून नाही, त्या शब्दापासून.

घरी येऊन मी मायला सगळं सांगितलं. केदार, राहणं, दिवस राहणं, दुखून राहणं, सगळं. भट्टी बंद होती, कढईत वाळू थंड पडली होती. माय मांडीवर लेकरू घेऊन ऐकत होती. तिनं एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मला वाटलं, ती मला मारेल. मारलं असतं तर चाललं असतं. लेकराच्या अंगावरचं फडकं सारखं करत ती म्हणाली, "तिच्या पुस्तकात कसं म्हनते? लेकरू रडून राह्यलं, हे?"

मी म्हटलं, "लेकरू रडत आहे."

"रडत आहे," माय म्हणाली. तिच्या तोंडात ते विचित्र वाटलं, मास्तराचं धोतर नेसल्यासारखं. तिनं पुन्हा म्हटलं. मग तिनं लुगड्याचा पदर बांधला, लेकराला फडक्यात गुंडाळलं आणि उठली. बाबांनी विचारलं, "कुठी चालली?" सगळ्या गावादेखत ती पाळीवरून दवाखान्याकडं निघाली, मी तिच्या मागं. आया-बाया दारात येऊन बघत होत्या. एकीनं हाकही मारली, "अवं, तिथी कुठी नेतं लेकराले?" माय चालताना तोंडातल्या तोंडात घोकत होती. रडत आहे. जात आहे. येत आहे.

पिलारबाई आम्हाला पाहून उभी राहिली. तिच्या कपाळावर पट्टी होती. ती मागं सरकली, भिंतीला टेकली. मायनं लेकरू पुढं केलं, आणि एकेक शब्द वेगळा करून, जसा तांदूळ निवडतात तसा निवडून ती म्हणाली, "लेकरू रडत आहे. ते जिवंत आहे. त्याला दूध पाहिजे."

पिलारबाईनं लेकरू घेतलं. ती रडत होती, पण हात रडत नव्हते. तिनं पाणी उकळलं, डब्यातलं दूध कालवलं, मनगटावर थेंब टाकून पाहिला. माय तोवर उभीच होती. बस म्हटलं तरी बसली नाही. लेकरानं बाटली तोंडात धरली आणि ओढायला लागलं, तेव्हा माय भिंतीच्या कडेला खाली बसली आणि अक्का गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

ती पोरगी वाढली. सुमन तिचं नाव. पिलारबाई पुढच्या वर्षी दुसरीकडं गेली, कुठं ते आम्हाला कळलं नाही. पण मायनं त्या दिवसानंतर आपली बोली परत घेतली नाही. निदान ह्या एका बाबतीत. बाकी सगळं तिचं तसंच होतं, मले, तुले, काऊन, शिव्या, म्हणी. पण पोरगी झोपायला लागली की ती म्हणायची, झोपत आहे. पाणी पडलं तर, पडत आहे. बाजारात बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, ढिवराची बाई पुण्याची झाली म्हणायच्या. मायपाठोपाठ बाबांच्या तोंडूनही ते शब्द गेले, मग माझ्या. सुमनला तर ते 'राह्यलं' कधी आलंच नाही. आता तिची मुलं, नातवंडं, सगळी तशीच बोलतात. लोक म्हणतात, घरात मास्तरीणबाई आहे, म्हणून शुद्ध बोलतात. मी हो म्हणते. कोणाकोणाला सांगत बसायचं?

माय खूप वर्षं जगली. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी तालुक्याच्या शाळेत होते, वर्गात फळ्याकडं तोंड करून लिहीत होते. सुमन सायकल दामटत आली, दारात थांबली. तिला धाप लागली होती, पण ती घाईनं बोलली नाही. श्वास घेतला, आणि स्पष्ट म्हणाली, "मावशी, आजी जात आहे. अजून आहे. चल."

आम्ही पोचलो तेव्हा ती होती.